टाइम ट्रॅव्हलमधल्या लव्हस्टोऱ्या म्हणे 'बायकांनी दुपारी लोळत वाचायच्या'

रंकाळा_वारं
काल एकानं इथं पोस्ट टाकलेली, "टाइम ट्रॅव्हलच्या कादंबरीत प्रेम घुसलं की विज्ञान गेलं, मग त्या बायकांनी दुपारी लोळत वाचायच्या गोष्टी होतात." खाली लाइकांचा ढीग. कमेंटमध्ये मावंना म्हणून वेगळा धागा काढलोय.

पयलं म्हणजे दुपारी मी दुकानात असतो, लोळत नसतो. वाचतो ते रात्री भांडी आवरल्यावर. आउटलँडर असंच दीड-दोनपर्यंत जागून संपवलो. 1991 चं पुस्तक, दुसऱ्या महायुद्धातली नर्स नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला जाते आणि उभ्या दगडांच्या रिंगणातनं डायरेक्ट 1743 मध्ये पडते. आता हिला ठाऊक असतं की 1746 ला कलोडनच्या लढाईत तिथली ही सगळी माणसं कापली जाणार हाईत, आणि त्यातल्याच एकाशी हिनं लग्न केलंय. समोर पोरं जेवायला बसल्यात, हसाय-खिदळाय लागल्यात, आणि हिच्या डोक्यात तारीख. ह्याला तुम्ही टाइमपास म्हणणार?

आणि तुमच्या लाडक्या एच. जी. वेल्सचंच बोला की. 1895 चं टाइम मशीन. गडी आठ लाख वर्षं पुढं जातो, यंत्र दाखवतो, चौथी मिती समजावतो, सगळं खरं. पण परत आल्यावर खिशात काय निघतं? वीना नावाच्या पोरीनं ठेवलेली दोन फुलं, तीबी सुकलेली. पुराव्याला तेवढंच. विज्ञानवाल्यांच्या आजोबांनीच फुलं आणलीत, आणि नावं आम्हाला ठेवताय.

नियमवाला
ती पोस्ट माझीच होती. "बायकांनी" हा शब्द चुकला, घेतो मागं. बाकीचा एक शब्द मागं घेत नाही.

दगडाजवळ गेली आणि दोनशे वर्षं मागं पडली, हे काय स्पष्टीकरण झालं? मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, पोरं विचारतात सर असं खरंच होतं का, काय सांगू, दगडाला विचारा म्हणून? कालप्रवासाला नियम पाहिजे. मागं जाऊन आजोबाला मारलं तर तू जन्मलास कसा, ह्याचं उत्तर देत नसशील तर परीकथा लिही, आमचं काही म्हणणं नाही. आपल्या कोल्हापुरातच 1938 ला जन्मलेले नारळीकर बघा. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये एक गोळी हुकते, विश्वासराव वाचतो, सगळा इतिहास फिरतो. त्यात एक तरी प्रेमप्रकरण आहे का?

पुण्याचा_पाहुणा
दोन दुरुस्त्या. एक, ती गोष्ट कालप्रवासाची नाही, समांतर जगाची आहे, गंगाधरपंत मागे जात नाहीत, बाजूला जातात. दोन, धागाकर्त्या बाई आहेत की बुवा? "वाचतो", "संपवलो" असं लिहिलंय म्हणून विचारतो, गैरसमज नसावा.

रंकाळा_वारं
बाईच हाय. कोल्हापुरात बायका असंच बोलतात, आमची आज्जीबी "मी आलो, मी जेवलो" म्हणायची आणि आठ पोरं वाढवली तिनं. गैरसमज तुमचाच झालाय, चालायचंच.

शिवाजीपेठ_88
ते सगळं राहू द्या. ह्या कादंबऱ्यांत मागं गेलेली माणसं खातात काय, हे कोणच नीट लिहीत नाही, माझी तक्रार ती हाय. समजा आपला एखादा भावा 1660 ला पन्हाळ्यावर पडला, खाली सिद्दी जौहरचा वेढा, वर पावसाळा. पयल्या दिवशी तांबडा रस्सा मागणार आणि तिथंच पकडला जाणार. मिरचीच नसणार की.

चटणी_कांडप
का नसणार? आमच्या घरात चार पिढ्या चटणी कुटत्यात. पणजी म्हणायची महाराजांच्या मावळ्यांची शिदोरी म्हणजे भाकरी आणि चटणी. कोल्हापूरला मिरची शिकवू नका.

नियमवाला
पणजीबद्दल आदर आहे. पण मिरची अमेरिकेतली. 1492 च्या आधी आपल्याकडं एक मिरची नव्हती, तिखट म्हणजे मिरी, त्या मिरीवरनंच मिरची हे नाव पडलं. टोमॅटो तिकडचा, बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा. पांढऱ्या रश्श्यातला काजूसुद्धा ब्राझीलचा. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासनं करतात तो पण तिकडचाच.

चटणी_कांडप
मग आमी काय ब्राझीलचे? जरा तोंड सांभाळून. दरवर्षी उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची निवडत बसतो आमी, देठं खुडून खुडून बोटांची आग होते, रात्री डोळ्याला हात लावता येत न्हाई, आणि हे पुस्तक उघडून सांगणार तुमचं न्हाईच ते!

शिवाजीपेठ_88
ओ सर, उपासाला हात घालू नका, माझी बायको पण वाचती हितं.

पुण्याचा_पाहुणा
पोर्तुगीज 1510 पासून गोव्यात होते. दीडशे वर्षांत मिरची गोव्याहून घाट चढली नसेल असं कोणी ठामपणे म्हणू नये. म्हणजे 1660 ला ती पन्हाळ्यावर असू शकते. पणजीबाईंना संशयाचा फायदा.

चटणी_कांडप
पुण्यानं कोल्हापूरच्या चटणीला परवानगी दिली. उपकार झाले.

रंकाळा_वारं
मी काय लिहिलो आणि तुम्ही कुठं चाललाय! पण नियमवाले सर, बघा आता, कांडपवाल्या ताईंचा मिरचीवरनं जेवढा जीव जळला तेवढा तुमच्या आजोबाच्या कोड्यावरनं कुणाचा जळला का? लोकांना भूतकाळात ताट आणि माणूस लागतं.

बोटवाल्याची_बायको
इतके दिवस नुसती वाचत होते. (माहेर रत्नागिरी, म्हणून "होते".) आमचे हे मर्चंट नेव्हीत, सहा-सहा महिने बोटीवर. द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी वाचलं. त्यातला हेन्री कधी गायब होईल त्याचं त्यालाच माहीत नसतं, कपडे जमिनीवर पडलेले आणि माणूस नाही. यांचा बनियन खुर्चीवर तसाच असतो, मी आठ दिवस धूत नाही. सासूबाई ओरडतात. सरांना नियम पाहिजे ना, त्यात नियम एवढाच आहे की थांबायचं बाईनं. मला तो पुरला.

नियमवाला
ताई, तुमच्याबद्दल काही बोलत नाही. पण त्याच पुस्तकात हेन्री छत्तीस वर्षांचा असताना सहा वर्षांच्या क्लेअरला माळावर भेटतो, तोही उघडा, झुडपामागनं हाका मारत, आणि ही पुढं जाऊन त्याची बायको. मला सात वर्षांची मुलगी आहे. मी तिथं पुस्तक मिटलं ते परत उघडलं नाही. रोमान्स म्हणून काहीही खपवता तुम्ही लोक.

बोटवाल्याची_बायको
तिथं मला पण कसंतरी झालं होतं. ते मान्य. पण अर्ध्यात मिटलेल्या पुस्तकावर एवढं मोठं लेक्चर?

शिवाजीपेठ_88
सर गप झाले 😄

नियमवाला
गप नाही, क्लास होता. माझा मूळ मुद्दा तसाच आहे. ह्या बायका मागं गेल्या की नेमक्या देखण्या, उंच, तलवारबाज गड्याच्याच दारात पडतात. दात किडलेल्या गड्याच्या दारात एकजण पडत नाही.

रंकाळा_वारं
पडते की. ऑक्टेव्हिया बटलरचं किंड्रेड वाचा, 1979 चं. 1976 ची काळी बाई कॅलिफोर्नियातनं थेट गुलामगिरीच्या मेरीलँडमध्ये. तिला देखणा गडी भेटत न्हाई, तिचा स्वतःचा गोरा पूर्वज भेटतो, मालकाचा पोरगा, आणि त्याला तिनंच सारखं वाचवायचं, न्हाईतर ती जन्मणारच न्हाई. तुमचं आजोबावालं कोडं, फक्त फळ्यावरचं न्हवं. शेवटी घरी येते तेव्हा हात भिंतीत अडकलेला, तो तिथंच राहतो. कशानं गेली, कशानं आली, एका ओळीचं शास्त्र न्हाई त्यात. सांगा आता, परीकथा?

नियमवाला
हे वाचलेलं नाही. पूर्वजाची अट घातली असेल तर तो नियमच झाला, म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध होतोय. पण ठीक आहे, परीकथा म्हणणार नाही, वाचेपर्यंत तरी. कुणाकडं आहे का? शाळेच्या लायब्ररीत असलं काही मिळत नाही.

रंकाळा_वारं
माझ्याकडं हाय. पण 2019 च्या पुरात आमचं व्हीनस कॉर्नरजवळचं दुकान बुडालं तेव्हा खालच्या फळीवर होतं. गच्चीवर दोरीला अडकवून वाळवलो, पानापानात टाल्कम पावडर घातलो, तरी मधली वीसेक पानं चिखलानं चिकटलीत ती चिकटलीतच. चाकू घालू नका, फाटतंय.

नियमवाला
मधलंच नाही तर मग नियम कळायचा कसा?

चटणी_कांडप
वाफ द्या. आणि परत देताना दुकानावरनंच या सर, अर्धा किलो चटणी ठेवल्या तुमच्यासाठी. पैसे घेणार हाय.