ग्रँड मार्की घेतलीये, सोडवत नाही

कोणी तरी विचारलंय की अमेरिकेत आता असली पेट्रोल पिणारी जुनी धुडं कोण घेतं, तर मी घेतलंय, २००३ ची मर्क्युरी ग्रँड मार्की. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरिया गाडीचीच बहीण ती, खाली स्वतंत्र चेसिस म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी, ४.६ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढे सोफ्यासारखी ऐसपैस सीट, आई भारतातून आली की मांडी घालून बसते आणि दहा मिनिटांत डुलकी. आणि बॉनेट उघडलं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) इंजिनच्या डोक्यावरच, गाडीखाली शिरायलाच नको, मोजके बोल्ट काढले की हातात. पोलीस, टॅक्सीवाले सगळ्यांनी वर्षानुवर्षं क्राउन व्हिक वापरल्यामुळे पार्ट भंगारातही मिळतात. या दोन्ही गाड्या २०११ ला बंद केल्या ते खरंच चुकलं.