दत्तक न घेता सावत्र वडिलांना पालकत्वाचा हक्क कसा मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कौटुंबिक कायद्यातली जाणकार मंडळी इथे आहेत, म्हणून विचारतोय.

माझ्या बायकोचे पहिले यजमान वारले. त्यांची मुलगी आता नऊ वर्षांची, आमच्याकडेच पुण्यात वाढतेय. तिला दत्तक घ्यायचं नाही, हे आम्ही विचारपूर्वक ठरवलंय. दत्तकाने कायद्याच्या नजरेत जन्मघराशी नातं तुटतं. सांगलीच्या आजी-आजोबांना मुलाची तेवढीच खूण उरली आहे आणि पोरीलाही वडिलांचं आडनाव प्रिय आहे.

अडचण अशी की बायको कामासाठी बरेचदा परगावी असते. मध्यंतरी पोरीच्या हाताला प्लास्टर घालायचं होतं. संमतीच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात 'सावत्र वडील' लिहिलं, तर आईचीच सही हवी म्हणून अडवलं. पोर कळवळत होती.

१९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात कलम ६ खाली सावत्र आई-वडील नैसर्गिक पालक धरलेले नाहीत. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करता येतो, पण कलम १९ प्रमाणे आई हयात आणि सक्षम असताना कोर्ट दुसरा पालक नेमत नाही ना? मग आईची पूर्ण संमती असली तरी अर्ज फेटाळतात का?

सगळ्यात जास्त काळजी पुढची. कलम ९ नुसार विधवा आई मृत्युपत्राने पालक नेमू शकते. पुनर्विवाहानंतरही तो हक्क टिकतो का?

तोवर शाळा-दवाखान्यासाठी नोटरी केलेलं संमतीपत्र चालतं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.