मदत हवी आहे: विनापरवाना भिंत काढलेलं मंगळवार पेठेतलं घर विकायचंय, आधी काय करावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर आहे, ते विकायचं ठरलंय. आण्णा गेल्यावर मालमत्ता पत्रकाला दादा, ताई आणि माझं नाव लागलंय. वारसांचा वाद नाही, हद्दीचा नाही. अडचण बांधकामाची आहे.

घर १९८४ च्या मंजूर नकाशाचं. कॉलम-बीम नाहीत, सगळा भार नऊ इंची विटांच्या भिंतींवर, वर स्लॅब आणि माडी. १९९६ साली आण्णांनी सोप्यात पिठाची गिरण टाकली. जागा पुरेना म्हणून सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत काढली, तिथं लोखंडी गर्डरची जोडी टाकली आणि मधोमध विटांचा एक पिलर उभा केला. नंतर मागच्या बोळात स्लॅबची एक खोली काढली, ती थेट शेजाऱ्यांच्या भिंतीला भिडलीय. दोन्ही कामांना महापालिकेचा परवाना नाही आणि कुठल्या इंजिनिअरनं ती पाहिलेली नाहीत. गवंड्यानं अंदाजानं केलेलं काम. गिरण बरीच वर्षं चालली, आता बंद आहे.

माडीवर नेमकी गर्डरच्या टोकाच्या वर एक तिरकी भेग आहे. दिवाळीला पुट्टी भरून रंग दिला की दिसत नाही, पावसाळा सरला की त्याच रेषेत परत उघडते. खाली गर्डरचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथला गिलावा पोकळ वाजतो. मागच्या खोलीच्या स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, एका जागी सुटलंय आणि आतली सळी गंजून फुगलेली दिसते.

गिऱ्हाईक चांगलं मिळालंय. तरुण नवरा-बायको, लहान मुलगी. खाली दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान काढणार आणि वर राहणार. घर बघताना त्यानं त्या मधल्या पिलरवर थाप मारली आणि म्हणाला, "हा तेवढा काढून टाकू, म्हणजे शटर रुंद बसंल." त्या पिलरवर काय उभं आहे हे त्याला माहीत नाही. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

एजंट म्हणतो, जुना नकाशा सापडत नाही म्हणून सांगा, संचकारपत्रात (विसार घेऊन करायच्या करारात) "जसे आहे तसे" असं घाला आणि मोकळे व्हा. दादाचं म्हणणं, त्या खोलीसकट घरफाळा भरतोय, म्हणजे महापालिकेला सगळं मान्यच आहे. मला दोन्ही पटत नाही. दादावर राग नाही माझा, त्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे लवकर हवेत. पण माझ्या सहीनं त्या पोरीच्या डोक्यावर असं घर द्यायचं नाही, एवढं माझं पक्कं आहे.

घर आधी नियमित करून घ्यावं, की सगळं सांगून कमी किमतीत आहे तसं विकावं? बोळातली खोली पाडली तर निम्मा प्रश्न सुटेल का? गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज लागणार आहे, ते अशा घरावर मिळतं का? आणि संचकारपत्रात हे लिहायचं कसं? अनुभवी माणसांनी कृपया सांगा.

विटावाळू:
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, सांगलीला असतो. महापालिका, वकील, एजंट सगळं नंतर. आधी गर्डरखाली टेकू लावून घ्या, दोन्ही टोकांजवळ आणि पिलरच्या दोन्ही बाजूंना. समायोजनाचे लोखंडी प्रॉप सेंट्रिंगवाल्याकडे भाड्यानं मिळतात. पण ते कुठं आणि किती लावायचे हे इंजिनिअरनं जागेवर येऊन ठरवावं. टेकू नुसत्या फरशीवर उभे करू नका, खाली जाड फळी द्या. आणि लागेपर्यंत भेगेखालच्या भागात कुणी झोपू नये.

कारण सांगतो. भिंत असताना माडीचा भार तिच्या लांबीभर पसरून पायात जात होता. ती काढल्यावर तोच भार गर्डरची दोन टोकं आणि मधला पिलर अशा तीन जागी एकवटला. टोकाखाली बेड ब्लॉक, म्हणजे भार पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा, नसेल तर विटा हळूहळू चुरडतात. गिलावा पोकळ वाजतो आणि वर तिरकी भेग जाते, याचा मला तरी तोच अर्थ दिसतो. त्यात गिरणीचा हादरा कैक वर्षं बसलेला. पिलरला खाली स्वतंत्र पाया दिलाय की जुन्या फरशीवरच उभा केलाय, हे खणून बघितल्याशिवाय कळणार नाही. १९९६ च्या गवंडीकामात दुसरा प्रकार मी भरपूर पाहिलाय.

तपासणीत टोकांचा गिलावा काढून बेअरिंग, म्हणजे गर्डर भिंतीवर किती टेकलाय ते, मोजायचं, गर्डरचा सेक्शन आणि गंज बघायचा, मधे किती झोल आलाय ते दोरीनं बघायचं, पिलरच्या बुडाशी खड्डा घ्यायचा. रिबाउंड हॅमरचा रिपोर्ट देऊन कुणी मोकळा होत असेल तर थांबवा. ती चाचणी काँक्रीटची आहे, तुमचा प्रश्न विटांचा आहे. मागच्या स्लॅबला मात्र ती चालेल. बहुतेक वेळा बेड ब्लॉक, पिलरच्या जागी पाया धरून लोखंडी किंवा आरसीसी कॉलम आणि भेगेची शिलाई एवढ्यावर घर भक्कम होतं. पिलर काढायचाच असेल तर नवा मोठा बीम डिझाइन करावा लागेल. हे त्या गिऱ्हाइकाला आजच सांगा, तोंडी का होईना.

करवीरकर:
मी वकील आहे. तुमच्या बंधूंना सांगा, घरफाळा हा कर आहे, परवाना नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये तर बेकायदा बांधकामाला कराशिवाय वेगळी शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही असं तिथंच म्हटलंय.

"जसे आहे तसे" या शब्दांवर विसंबू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं त्याच कलमात आहे. गिलाव्याआडचं बेअरिंग कुठलाही गिऱ्हाईक बघू शकत नाही. तिघांच्या सह्या होणार, म्हणजे जबाबदारीही तिघांची.

नियमित करण्याचं म्हणाल तर एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते) आणि सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) यांत जेवढं बसतं तेवढंच तडजोड शुल्क भरून नियमित होतं, न बसणारं काढावं लागतं. पण खोली पाडायची घाई करू नका. दाट वस्तीच्या भागाचे सामासिक अंतराचे नियम उपनगरांपेक्षा वेगळे आहेत. आधी झोन दाखला (जागा कुठल्या विभागात येते त्याचा दाखला) काढा, आर्किटेक्टकडून सद्यस्थितीचा नकाशा करून घ्या, मग ठरवा. १९८४ चा मंजूर नकाशा घरात नसेल तर नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आण्णांनी कधी घरासाठी कर्ज काढलं असेल तर त्या बँकेच्या फाइलमध्येही प्रत असू शकते.

संचकारपत्रात मोघम लिहू नका. कुठली भिंत कधी काढली, तिथं काय टाकलं, कुठली खोली विनापरवाना आहे, सगळं सरळ मराठीत लिहा. इंजिनिअरचा अहवाल जोडा, घेणाऱ्याची त्यावर सही घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस उद्या आली तर काम कुणी आणि कुणाच्या खर्चानं करायचं, तेही लिहा. नोटीस त्या वेळच्या मालकाच्या दारात येते.

रंकाळाकाठ:
अहो, एवढं सगळं सांगत बसलात तर घर विकलंच जाणार नाही. पेठेत निम्म्या घरांना हेच आहे.

करवीरकर:
म्हणूनच बँकेचा मूल्यांकनकर्ता मंजूर नकाशा हातात धरून येतो. जागेवरचं बांधकाम नकाशाशी जुळलं नाही तर तो मंजूर भागाचीच किंमत धरतो किंवा फाइल परत पाठवतो. लपवून कर्ज होत नाही, रोख गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि ते भाव पाडूनच मागतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. विटावाळू, तुमचा प्रतिसाद वाचून ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं, त्यांनी जागा दाखवून टेकू लावून घेतले. एका टोकाचा गिलावा काढला तर खाली बेड ब्लॉक नाहीच. गर्डर सरळ विटांवर, आणि कडेच्या दोन विटा हातानं भुगा होऊन निघाल्या. मी त्याचे फोटो दादाला पाठवले. तो संध्याकाळी येऊन बराच वेळ नुसता बघत उभा राहिला, मग म्हणाला आधी दुरुस्ती करू.

गिऱ्हाइकालाही फोन करून सगळं सांगितलं. गडी वैतागला, ते बरोबरच आहे. पण व्यवहार मोडला नाही. अहवाल हातात आला की बायकोला घेऊन येतो म्हणालाय.

आता करवीरकरांना एक विचारायचंय. दुरुस्ती आम्ही तिघांनी विक्रीआधी करून घ्यायची ठरवलीय. बेड ब्लॉक आणि कॉलम हे भार पेलणाऱ्या भागातलं काम, मग त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागेल, की नियमितीकरणाच्या प्रस्तावातच हा नकाशा आणि स्थैर्य प्रमाणपत्र जोडता येईल? पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.