मदत हवी आहे: मुलीला धंदा शिकायला अमेरिकेत पाठवायचं का? (बॅबसन कॉलेज)

बेदाणेवाली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तासगावकडचे, घरात बेदाण्याचा धंदा, सासऱ्यांपासून. थोरली बारावीला आहे. तिला अमेरिकेतल्या बॅबसन कॉलेजची अॅडमिशन आलीय, मॅसॅच्युसेट्समध्ये वेलस्ली म्हणून गाव आहे बोस्टनजवळ, तिथे. प्रायव्हेट कॉलेज, 1919 सालचं, आणि बारावीनंतरची डिग्री एकच, बिझनेसची. उद्योजकता शिकवण्यात तिकडच्या रँकिंगमध्ये 25 वर्षांहून जास्त काळ पहिला नंबर आहे म्हणे. म्हणे म्हणजे मी स्वतः बघितलं, खरंच आहे. 1 मे पर्यंत डिपॉझिट भरायचंय आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय, परवा तर भाकरी तव्यावर करपली.

खर्च राहणं-जेवण धरून वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर. चार वर्षांचे पावणेतीन कोटी तरी होतात, थोडी स्कॉलरशिप मिळालीय ती वजा करूनही आमच्या आवाक्याबाहेर. बँकेत गेलो तर म्हणाले शेतजमीन तारण चालत नाही, एनए प्लॉट आहे का? प्लॉट आहे एक सांगलीत, तो ठेवावा लागेल.

आमच्या भाऊजींचं म्हणणं, धंदा काय कॉलेजात शिकतात होय, चार महिने सौद्यात (बेदाण्याच्या लिलावात) उभी कर, आपोआप शिकेल. आणि ते चूक आहे असंही मला म्हणता येईना, कारण हे स्वतः दहावीनंतर तसेच शिकलेत, मूठभर माल हातात घेतला की कुठल्या शेडचा ते सांगतात.

पण पोरीचंही ऐका. अकरावीत असताना तिने दिवाळीला 250 ग्रॅमचे बॉक्स केले, समोर पारदर्शक खिडकीवाले, इन्स्टावर टाकले, 180 रुपयाला एक. 200 बॉक्स गेले. आणि मग 40 परत आले, कारण बॉक्सला आतून पिशवीच नव्हती नि त्या वर्षी दिवाळीतच पाऊस, बेदाणा चिकट होऊन गोळा झाला. हिने सगळ्यांचे पैसे परत केले. खर्च 22,000, हातात राहिले 28,800, म्हणजे फायदा 6,800. वहीत लिहून आजोबांना दाखवलं तर अण्णा म्हणाले, गोडाऊनचं भाडं कुठाय? गाडीचं डिझेल? माल बापाच्या भावाने लावलास का बाजारभावाने? बसली परत हिशोब करत, शेवटी तोटाच निघाला. तोच किस्सा तिने कॉलेजच्या निबंधात लिहिला आणि अॅडमिशन मिळाली!

तर प्रश्न असा की तिथे नेमकं शिकवतात काय? एवढे पैसे घालण्यासारखं आहे का? कुणाची मुलं गेलीत का? आणि शिकून झाल्यावर तिला तिकडे स्वतःचं काही सुरू करता येतं का? भारतात असं काही आहे का ते पण सांगा. खोटा दिलासा नको.

चहाबिस्कीट

पावणेतीन कोटी? ताई, तेवढ्यात तिला इथेच कोल्ड स्टोरेज उभं करून द्या की. बुडालं तरी शेड आणि जागा राहील.

नातिकरेल्वे

वरच्या प्रतिसादाला हसलो पण ते तितकं सोपं नाही. मी बॅबसनपासून वीसेक मिनिटांवर राहतो, शिकलेलो नाही तिथे, पण ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मुलगा नुकताच बाहेर पडलाय त्यामुळे घरच्यासारखं ऐकलंय सगळं.

नेमकं काय शिकवतात याचं उत्तर म्हणजे पहिलं वर्ष. एफएमई म्हणून वर्षभराचा कोर्स आहे, सगळ्यांना कंपल्सरी. पोरांच्या टीम पाडतात, आयडिया मांडायला लावतात, मग कॉलेज स्वतः काही हजार डॉलर कर्जाऊ देतं आणि दुसऱ्या सत्रात खरोखर धंदा चालवायचा. कुणी सीईओ, कुणी हिशोबाला, कुणी विक्रीला. वर्षाअखेर कॉलेजचे पैसे फेडायचे, फायदा उरला तर समाजकार्याला द्यायचा आणि कंपनी बंद करायची. बंद करणं पण शिकवतात हे मला भारी वाटलं, आपल्याकडे धंदा बंद केला की माणूस तोंड लपवत फिरतो.

तुमच्या मुलीने ते अकरावीतच केलंय खरं तर, फक्त तिचा प्राध्यापक अण्णा होते आणि फी नव्हती.

बाकी नुसता धंदाच नाही, निम्म्याच्या आसपास विषय इतिहास, साहित्य, विज्ञान असले असतात. शेजारच्या ऑलिन इंजिनिअरिंग कॉलेजात आणि मुलींच्या वेलस्ली कॉलेजात पण वर्ग करता येतात. होम डेपोवाला आर्थर ब्लँक इथलाच, आणि टोयोटाचे अकिओ टोयोडा इथले एमबीए. पण हे लक्षात घ्या की तिथे येणारी बरीच पोरं आधीच धंदेवाल्या घरातली, लॅटिन अमेरिका, आखात, आपल्याकडचे गुजराती मारवाडी. कुणाच्या वडिलांची सिमेंटची फॅक्टरी, कुणाची हॉटेलं. सहकारी म्हणतो की फीमधला निम्मा भाग त्या ओळखींचा. तुमची मुलगी त्यात मिसळेल का बुजेल, हे तुम्हालाच माहीत.

थोडं अवांतर: कॉलेज काढणारे रॉजर बॅबसन हे एक नमुनाच होते. 1929 ला शेअर बाजार कोसळायच्या आधी सातेक आठवडे जाहीर भाषणात सांगितलं होतं की पडझड येणार. 1940 ला दारूबंदी पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. लहानपणी बहीण बुडून गेली त्याचा दोष गुरुत्वाकर्षणाला दिला आणि पुढे त्यावर संशोधनाला संस्थाच काढली. मंदीच्या काळात ग्लॉस्टरजवळच्या डॉगटाऊनच्या जंगलात बेकार पाथरवटांना काम देऊन मोठमोठ्या दगडांवर उपदेश कोरून घेतले, ते अजून आहेत, आम्ही पोरांना घेऊन जातो. एकावर कोरलंय 'आईला मदत करा'. आणि एकावर 'कर्जापासून लांब रहा'.

चहाबिस्कीट

घ्या! संस्थापकांनीच उत्तर देऊन ठेवलंय.

बेदाणेवाली

'आईला मदत करा' वाला फोटो असेल तर पाठवा हो, फ्रीजवर लावते.

कंपनी बंद करायला लावतात हे वाचून दाखवलं तर हे म्हणाले चालणारा धंदा कशाला बंद करायचा, वेडे आहेत का. मुलगी म्हणाली, पप्पा कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरांना कर्ज द्यायचं असतं. मला नाही वाटत तेच कारण असेल पण गप्प बसले.

व्हिसापीडित

ताई तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच कुणी घेतला नाही. नीट वाचा.

ती जाणार एफ-वन म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. पहिल्या वर्षाचा कोर्समधला धंदा चालतो, तो अभ्यासाचा भाग आहे. पण त्याच्या बाहेर, शिकत असताना स्वतःचा धंदा चालवणं म्हणजे नोकरी धरली जाते आणि परवानगीशिवाय ती करता येत नाही. आयडिया काढा, बाजार बघा, प्लॅन लिहा, यावर बंदी नाही. माल विकायला बसलात की अडचण. म्हणजे शेजारच्या खोलीतला अमेरिकन पोरगा हॉस्टेलमधून टी-शर्ट विकून पैसे करणार आणि ही नुसती बघणार, हे उद्योजकतेच्या कॉलेजात जास्त टोचतं.

डिग्रीनंतर बारा महिन्यांचा ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, मिळतो, त्यात मात्र स्वतःचा धंदा करता येतो, आठवड्याला किमान 20 तास, शिकलेल्या विषयाशी जुळणारा, लायसन्स वगैरे सगळं रीतसर. पण एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) डिग्री असेल तर पुढे 24 महिने वाढवून मिळतात पण त्याला खराखुरा मालक लागतो, ट्रेनिंगचा प्लॅन भरून सही करणारा, स्वतःच स्वतःचा मालक तिथे चालत नाही. त्यानंतर एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. ज्यांना धंदाच करायचाय त्यांना व्हिसा नोकरीकडे ढकलतो, मी स्वतः त्यातच अडकलोय, नऊ वर्षं झाली.

बाकी पैशाचं: शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं सूट आहे पण जुन्या कररचनेतच. स्वतःच्या खात्यातून पाठवलेत तर ठराविक रकमेच्या वर बँक आधीच कर (टीसीएस) कापते, रिटर्न भरताना हिशोबात धरतात, पण तोपर्यंत पैसे अडकतात. एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात, तुम्हाला ते पुरतंय.

साबरमती_ते_पंचगंगा

भारतातलं सांगतो. अहमदाबाद-गांधीनगरच्या मध्ये भाट गावात ईडीआयआय म्हणून उद्योजकता शिकवणारी संस्था आहे, 1983 पासून, आयडीबीआय, आयसीआयसीआय, आयएफसीआय आणि स्टेट बँकेने मिळून काढलेली. मी तिथून उद्योजकतेचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलाय. पण तो पदवीनंतरचा, बारावीनंतर नाही. खर्च तुमच्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही. मुंबईत एसपी जैन या मॅनेजमेंट कॉलेजात घरच्या धंदेवाल्या पोरांसाठी फॅमिली बिझनेसचा कोर्स आहे, महिन्यातले थोडे दिवस वर्ग, बाकी दिवस घरी धंद्यात, शिकलेलं लगेच दुकानात लावायचं. तोही पदवीनंतरच.

माझं मत असं की आधी पुण्यात किंवा कोल्हापुरात बीकॉम-बीबीए काहीतरी करू दे, सोबत बॉक्स पण चालू ठेवू दे, या वेळी आतून पिशवी घालून :) आणि मग हे. पण मत फुकट असतं. माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी आज नोकऱ्याच धरल्यात, त्यात मी पण आलो.

नातिकरेल्वे

व्हिसापीडित म्हणतात ते बरोबर. एक भर घालतो, बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी ग्लोबल स्कॉलर्स म्हणून गरजेप्रमाणे पूर्ण मदत देणारी स्कॉलरशिप आहे, पण दरवर्षी अगदी मोजक्यांना. तिने अर्ज केला नसेल तर आता उशीर झाला, पण मिळालेली रक्कम वाढवून द्या असं विचारायला काही जात नाही. आपल्याकडे विचारायला लाज वाटते, इथे सर्रास विचारतात. आकडे देऊन लिहायचं, रडगाणं नको.

चहाबिस्कीट

सौद्यात भाव वाढवून मागता तसंच.

बेदाणेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचले. व्हिसाचं वाचल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आई हे मला कुठल्याच काउन्सेलरने सांगितलं नाही. त्या काउन्सेलरला आम्ही जेवढे पैसे दिलेत तेवढ्यात शंभर बॉक्स झाले असते, असो.

भाऊजींना वाटलं आपण जिंकलो. पण अण्णा मध्येच म्हणाले, परवानगी नाही म्हणून शिकायचं नाही का? मी 65 साली पहिल्यांदा माल घेऊन कोचीनला गेलो तेव्हा मला भाषा तरी कुठे येत होती. हे म्हणाले अण्णा तेव्हा तुम्ही प्लॉट गहाण ठेवला नव्हता. अण्णा म्हणाले तेव्हा प्लॉटच नव्हता.

तर सध्या असं ठरलंय की आज ती दोन मेल टाकतेय. एक कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला, व्हिसावर नेमकं काय चालतं नि काय नाही. आणि एक फायनान्शियल एडला (स्कॉलरशिप देणारं ऑफिस), रक्कम वाढवून मागायला, त्यात कर्जाचा हप्ता, प्लॉटची किंमत, सगळं आकड्यात. अण्णांनी सांगितलंय, पाठवायच्या आधी हिशोब मला दाखव. आणि या सीझनला डिझेल आणि गोडाऊन भाडं लावून परत 200 बॉक्स करायचेत, जायचं असो नसो.

साबरमतीदादा, ईडीआयआयला आत्ता तिथे शिकणारी कुणी मुलगी ओळखीची असेल तर कळवा, तिला स्वतः बोलायचंय. उत्तरं आली की इथेच टाकते. आता उठते, सौद्याला गाडी निघायचीय.