कर्ज डोक्यावर अन् समुपदेशन फोनवर?

कपाशीवाला, यवतमाळ: गावात पत्रकं वाटली. झोप उडाली, मन लागत नाही, तर टेलिमानसले, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी फोनसेवेले, १४४१६ वर फोन करा म्हणते. बँकेची नोटीस आल्यावर झोप कोणाले लागते भाऊ? कपाशीले भाव द्या, नैराश्य आपोआप पळते. शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा सरकारी प्रेरणा प्रकल्प इतकी वर्षं झाली चालू हाय, थांबल्या का आत्महत्या?

वणीची आशाताई: कर्ज साऱ्या गावावर आहे, पण सारं गाव वावरात जायचं सोडत नाही ना दादा. दोन आठवडे रोज उदास, पहाटे तीनला जाग, जेवण नको, "मी घरावर ओझं आहे" असं बोलणं, हे दिसलं की मी थांबते. बाया तर उदास म्हणतच नाहीत. छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, म्हणतात. बीपी पाहून, सलाईन लावून घरी येतात. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून त्यांचं दुखणं कोणाच्या हिशोबात नाही.

दर्यापूरकर: आमच्याकडे आधी "बाहेरचं" म्हणून अंगारा, मग दवाखाना. तोवर माणूस खंगतो.

कपाशीवाला, यवतमाळ: दवाखाना म्हणजे जिल्ह्याले जा, एसटीची वाट पाहा, मजुरी बुडवा. डॉक्टर पाच मिनिटं पाहते. माह्या काकाले गोळी देली, आठ दिवसांत गुण नाही म्हणून त्यानं फेकून देली.

दर्यापूरकर: आठ दिवसांत गुण येतच नाही. नैराश्याच्या गोळीला दोन ते चार आठवडे लागतात, अन् बरं वाटलं तरी डॉक्टरला न विचारता सोडायची नसते. हे काकांना कुणी सांगितलंच नसणार, तिथे तुमचा राग रास्त आहे. पण आमच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी बोलायचे. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ झाले. हे भावाची वाट न पाहता झालं.

कपाशीवाला, यवतमाळ: गावातलाच माणूस आला की चावडीवर चर्चा होते. मंग पोरीची सोयरीक कोण जोडते?

वणीची आशाताई: म्हणूनच तर फोन. नाव सांगायची सक्ती नाही, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. अन् कुणी "आता जगून काय करू" म्हणालं तर दोन आठवडे मोजत बसू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

कपाशीवाला, यवतमाळ: हे पटलं. मंग पत्रक कृषी केंद्रवाल्यालेही द्या. उधारीवर फवारणीच्या औषधाचा डबा तोच देते, अन् गिऱ्हाईकाचा चेहरा आमच्यापेक्षा त्यालेच जास्त वाचता येते. बाकी भावाचं माह्यं म्हणणं कायम.