शब्दचर्चा : ‘फ्लोटिंग नोड’ला तरंगता म्हणावं की अद्धर?

आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग घेतो. मुलं आयटीआयची, काही बारावीची. दोन लॅपटॉपवर एलटीस्पाइस आहे, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर. सर्किट आधी त्यात चालवून बघायचं, मग ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर, लावायचं, अशी पद्धत ठेवली आहे.

परवा एकाने खंजिरी भजनाच्या माइकसाठी प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, काढला. माइककडून एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो थेट ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) प्लस पायाला. चालवल्यावर सूचना आली की अमुक नोड (सर्किटमधला तारेने जोडलेला एक भाग) ‘इज फ्लोटिंग’. “सर, फ्लोटिंग म्हणजे?” मी पटकन सांगून टाकलं, तरंगतो आहे. तो म्हणाला, “मग बरंच आहे ना, बुडाला तर नाही.” आणि पुढच्या कामाला लागला.

चूक माझ्या शब्दाची होती. तरंगणाऱ्याला खालून पाण्याचा आधार असतो. इथे तर आधारच नाही. डीसीला कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार, आणि आदर्श ऑपअँपचा पाय करंट घेत नाही. मग त्या जागी व्होल्टेज किती, याला एकच एक उत्तर निघत नाही. सॉफ्टवेअर तेच सांगत होतं. ‘अधांतरी’ म्हणावं का? की आणखी जवळचा शब्द आहे?

पुसदहून, मोटार रिवाइंडिंगचं दुकान

गुरुजी, इतका विचार काहून करता? आमच्या दुकानात ‘अद्धर’ म्हनतात. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की आमी म्हनतो, न्यूट्रल अद्धर झाला. मंग एका घरी बल्ब मिनमिनते अन् शेजारच्या घरी टीव्ही जयते. 230 च्या जागी कोनाले 150 भेटते, कोनाले 300 च्या वर. ज्याचा लोड जसा, तसा तो न्यूट्रल सरकते. पोट्ट्यायले हे सांगा, लगेच समजते. त्यायनं घरी पाह्यलं असते.

वर्गवाला

काका, शब्द मिळाला! ‘अधांतरी’ बरोबर आहे, पण तो निर्णय लांबणीवर पडलेल्या माणसाला जास्त शोभतो. ‘अद्धर’ ऐकलं की हात आपोआप आधार शोधायला जातो. आणि तुमचं न्यूट्रलचं उदाहरण नुसती उपमा नाही, गोष्ट तीच आहे. ज्याला कोणी धरलेलं नाही, तो बिंदू जिकडे ओढाल तिकडे जातो.

वरूडहून, कॉलेजात शिकवते

दादा, पुढचं मुलांना ब्रेडबोर्डवर दाखवाच. एलएम358 या ऑपअँपच्या पायातून साधारण 20 नॅनोअँपिअर करंट बाहेर येतो. एक मायक्रोफॅरडवर तो साचला की व्होल्टेज दर सेकंदाला 20 मिलिव्होल्टने चढतं. 9 व्होल्टच्या बॅटरीवर बफर (पायावरचं व्होल्टेज तसंच पुढे देणारी जोडणी) लावला असेल तर आउटपुट सहा-साडेसहा मिनिटांत साडेसात व्होल्टच्या आसपास जाऊन टेकतं, मग हलत नाही. म्हणून भजन सुरू होताना माइक ठीक, आणि पहिला अभंग संपेपर्यंत आवाज बंद.

फॉल्ट काढायला बसलेल्याला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट याच्या पुढे आहे. त्या पायावर मल्टिमीटर लावला की चढणं थांबतं! मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगओहम असतो, तोच आधार होतो आणि व्होल्टेज 0.2 च्या जवळ स्थिरावतं. मीटर काढला की पुन्हा चढायला लागतं. माझे विद्यार्थी यावर दोन दिवस अडकले होते. ‘मोजलं की बरं होतं’ म्हणायचे. ‘अद्धर’ हा शब्द तेव्हा माझ्याकडे असता तर पाच मिनिटांत सुटलं असतं.

वर्गवाला

ताई, आज संध्याकाळीच दाखवतो. उपाय म्हणून त्या मुलाला सांगितलं होतं की पायापासून ग्राउंडला एक मोठा रेझिस्टर लाव. त्याने 100 मेगओहम म्हणून ‘100एम’ लिहिलं. सूचना गेली, पण सिग्नलही गेला, रेघ एकदम सपाट.

वरूडहून

हा तर शब्दचर्चेचाच विषय! एलटीस्पाइसचं मूळ असलेलं स्पाइस 1973 सालचं, बर्कली विद्यापीठातलं. लहान-मोठं अक्षर त्याला एकच. त्यामुळे ‘एम’ म्हणजे मिली, मेगसाठी ‘एमईजी’ अशी तीन अक्षरं लिहावी लागतात. मुलाने 100 मेगओहमऐवजी 100 मिलिओहम लावला, म्हणजे सिग्नल सरळ जमिनीत घातला. कपॅसिटरपुढेही ‘1एफ’ लिहू देऊ नका, ते एक फेम्टो, म्हणजे अगदीच नगण्य, होतं. आणि प्रत्यक्ष बोर्डावर 100 मेग नकोच. अर्ध्या सप्लायचा बिंदू करून तिथून 100 किलोओहम द्या. 20 नॅनोअँपिअरला फक्त 2 मिलिव्होल्टचा फरक पडेल.

चिमूरहून, विद्यार्थी

सर, मी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर वापरतो. आतून ते एनजीस्पाइस, म्हणजे स्पाइसचंच एक रूप, तिथेही ‘एम’ मिलीच. माझा प्रश्न नोडचा. अद्धर ठीक, पण अद्धर काय? ‘गाठ’ म्हणू का?

वर्गवाला

बेटा, गाठ एका जागी असते. नोड म्हणजे एकमेकांना नुसत्या तारेने जोडलेलं सगळंच, बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘गाठ’ म्हटलं की मुलं ठिपकाच शोधत बसतात. शाळेच्या पुस्तकातले परिपथ, रोध, विभवांतर हे शब्द मी वापरतो, मुलांना ते ओळखीचे आहेत. नोडला मात्र तसा शब्द मला सापडलेला नाही, म्हणून नोडच ठेवतो.

पुसदहून

आमी ‘लाइन’ म्हनतो जी. ‘हे आखी एकच लाइन आहे’, असं.

वर्गवाला

मग फळ्यावर लिहितो : ही लाइन अद्धर आहे, हिला आधार द्या.