भट्टीवरच्या दारूची तीव्रता: काचेचे मापक की जाणत्याचा डोळा?

कणकुंबीकर (धागा सुरू करणारा)

चोर्ला घाट उतरला की सत्तरी तालुका लागतो आणि तेथे माझ्या मामांची काजूच्या बोंडांची दारू गाळण्याची भट्टी आहे. अबकारी खात्याच्या लिलावात विभाग घेऊन, परवान्यावर, काजूच्या हंगामापुरतीच ती चालते. मी बेळगाव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. मोजमापाची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे यंदा एप्रिलमध्ये भट्टीवर दोन दिवस राहिलो तेव्हा जे पाहिले, त्याविषयी मत मांडावेसे वाटते. आधीच स्पष्ट करतो की आपल्या कर्नाटकात 1965 च्या अबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे आणि गोव्यातही परवाना लागतोच, त्यामुळे येथे कोणीही घरी गाळण्याची कृती विचारू नये.

मामा दारूची ताकद ‘ग्राव’मध्ये सांगतात. शब्द पोर्तुगीज आहे, अर्थ अंश. ज्या जुन्या पट्टीवरून तो आला त्या पट्टीत नुसते पाणीच दहाच्या खुणेवर असते, म्हणून वीस ग्राव म्हणजे वीस टक्के असे समजणारा माणूस पुरता फसतो. मामेभावाने यंदा टक्केवारी दाखवणारे काचेचे मापक मागवले. धारेतून नुकत्याच उतरलेल्या कोमट दारूत ते सोडून त्याने अठ्ठेचाळीस टक्के असे जाहीर केले. मी तेच भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून दारू 20 अंश सेल्सिअसवर आणली, कारण मापकाच्या कागदावर तेच तापमान छापले होते, तेव्हा आकडा बेचाळीसवर आला. द्रव तापला की पसरतो आणि हलका होतो. हलक्या द्रवात मापक खोल बुडते आणि आकडा फुगतो. या तीव्रतेच्या दारूत दर अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्क्याची चूक होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती सहज पाचसहा टक्क्यांवर जाते.

माझे मत असे आहे की परवाना असलेल्या प्रत्येक भट्टीवर मापक, तापमापक आणि नोंदवही हे तीन सक्तीचे असावेत. पिणाऱ्याच्या पेल्यात तीस टक्क्यांची दारू आहे की पंचेचाळीसची, हे त्याला कळायला हवे. दोन पेल्यांचा हिशेब करून घरी निघालेला माणूस तीन पेल्यांइतकी दारू पोटात घेऊन घाटात दुचाकी चालवतो, ही काही कल्पना नव्हे.

वीस हंगाम भट्टीवर

आपण शिकलेले आहात, म्हणून आदराने विरोध करतो. मी जांबोटी भागातला. तरुणपणापासून दर हंगामाला गोव्यात भट्टीवर राबायला जात आलो. करवंटीतून दारू उंचावरून दुसऱ्या करवंटीत ओतली की वर बुडबुड्यांचे मोती उठतात. ते केवढे आहेत आणि किती वेळ टिकतात यावरून जाणता माणूस ताकद सांगतो. मी सांगितलेली ताकद आणि दुकानदाराच्या मापकाचा आकडा यांत कधी मोठा फरक पडल्याचे मला आठवत नाही.

शिवाय आपले लक्ष धारेवर आहे आणि माझे चुलीवर. जाळ मोठा झाला की भाण, म्हणजे रस उकळण्याचे भांडे, उसळते, धार गढूळ येते, वास करपट होतो, आणि अशी दारू आपल्या मापकावर कितीही सुरेख आकडा दाखवू शकते. काचेला वास कळत नाही. दारू करणारा माणूस चांगला असला तर मापकाची गरज नाही आणि तो वाईट असला तर मापकाने तो सुधारत नाही.

रसायनाची शिक्षिका, बेळगाव

काकांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे आणि जाळाविषयी ते सांगतात ते शंभर टक्के खरे आहे. पण मोत्यांविषयी मला गप्प बसवत नाही. मोती द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असतात. दारूत साबणासारखा किंवा रिठ्यासारखा पदार्थ नखाएवढा जरी मिसळला तरी बुडबुडे टिकू लागतात आणि कमी ताकदीची दारू चढी वाटते. स्वतःच्या भट्टीवर काकांचा डोळा चालेल. दुसऱ्याने आणून दिलेल्या बाटलीवर तो चालणार नाही.

काडी लावून पाहण्याची रीत तर याहून वाईट. चाळीस टक्क्यांच्या दारूवरची वाफ 26 अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पारा त्याच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे ‘पेटली म्हणजे कडक’ या निकषावर बऱ्यापैकी पातळ दारूही उत्तीर्ण होते आणि शेजारी चूल असेल तर भट्टीही पेटते.

मात्र धागाकर्त्यांशीही माझा मतभेद आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. मापक फक्त घनता मोजते. पिण्याच्या मद्यार्काची, म्हणजे इथेनॉलची घनता 20 अंशांवर 0.789 आहे आणि विषारी मिथेनॉलची 0.791. या दोघांत मापकाला फरक कळणे शक्यच नाही. जी बाटली माणसाला आंधळे करील तीही मापकात निर्मळ बेचाळीस टक्के दाखवील. मिथेनॉल काडीने पेटतेही, आणि त्याचे मोतीही उठतात.

आपल्या भाषेत ‘पहिल्या धारेची’ हे कौतुकाचे विशेषण आहे. याच्या उलट अलीकडे तरुण मुले सांगतात की पहिली धार ओतून दिली की सगळे विष निघून जाते, कारण मिथेनॉल 64.7 अंशांवर उकळते आणि इथेनॉल 78.4 वर. शुद्ध द्रव वेगवेगळे तापवले तर हे आकडे बरोबर आहेत. पण भाणात पाण्याबरोबर मिसळलेले मिथेनॉल असे रांगेत पहिले उभे राहत नाही. ते पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत थोडेथोडे येत राहते. पहिली धार टाकल्याने उग्र वासाचे काही पदार्थ जातात, एवढेच खरे.

सरकारी दवाखान्यातील परिचारिका

मॅडमनी लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण मला भीती याच आकड्याची वाटते. काजूच्या बोंडात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो आणि बोंड आंबताना त्यापासून थोडे मिथेनॉल आपोआप तयार होते, पण गावेच्या गावे ज्याने मरतात ते मिथेनॉल फळातले नसते, ते कारखान्यांतून चोरून आणून मिसळलेले असते. 2008 साली बेंगळुरूच्या आसपास आणि तमिळनाडूच्या कृष्णगिरी भागात शंभराहून अधिक माणसे गेली. 2015 साली मुंबईच्या मालवणीत तसेच झाले. कडक आहे, चढते आहे, याची त्या पिणाऱ्यांना खात्री होती.

नातेवाईक रुग्णाला उशिरा का आणतात, तेही सांगते. मिथेनॉलचा खरा घात लगेच दिसत नाही. नशा उतरल्यासारखी वाटते, बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखते, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसते. घरचे म्हणतात, काल जास्त झाली होती, झोपू दे. दहा मिलिलिटर एवढ्याशा मिथेनॉलनेही दृष्टी जाऊ शकते. त्यावर औषधोपचार आहेत, पण ते दवाखान्यातच आणि वेळेतच उपयोगी पडतात. उद्या प्रत्येक बाटलीवर मापकाचा आकडा लिहिला गेला तर लोक आकडा पाहून निर्धास्त होतील. म्हणून तपासणीशिवाय आकडा लिहूच नये, असे माझे ठाम मत आहे.

खानापूरचा काजू बागायतदार

सर्वांनी गोव्याच्या भट्टीवर चर्चा केली, पण घाटाच्या अलीकडे आम्ही आहोत त्याचे काय? आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला काजू आहे, बी विकली जाते आणि बोंडे झाडाखाली कुजतात. पलीकडे याच बोंडाच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवले. घाटाच्या अलीकडे, आपल्या कर्नाटकात, 1 जुलै 2007 पासून अरॅक, म्हणजे परवान्यावर विकली जाणारी स्वस्त देशी दारू, बंद झाली, तिची पाकिटे गेली, आणि गावठी दारूविषयी बोलणेसुद्धा संशयास्पद झाले.

ताईंनी सांगितलेली 2008 ची घटना अरॅक बंद झाल्यानंतर वर्षाच्या आत घडली, हेही नोंदवावे. जे उघड्यावर करता येत नाही त्याचे मापही उघड्यावर होत नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला काजूची भट्टी लावण्याचा परवाना द्या, प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची अट घाला. मापक आम्ही आनंदाने घेऊ.

निपाणीहून एक आई

परवाना हवा म्हणणाऱ्या दादांना एकच विचारते. पाकिटांची दुकाने होती तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांची मजुरी शनिवारी कोठे जात होती, हे त्यांनी पाहिले आहे का? आपण सारे विषावर बोलत आहात. बेचाळीस टक्क्यांची, शुद्ध, तपासलेली, छापील आकड्याची दारू रोज पिऊनही घर बुडते. बोंडांचे सरबत करा, सिरप करा, गुरांना घाला. मला या चर्चेत मापकाची बाजू पटत नाही आणि मोत्यांचीही नाही.

कणकुंबीकर

निपाणीच्या अक्कांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते मापकाने देण्याचा प्रयत्न करणार नाही. परंतु जी भट्टी कायद्याने चालूच आहे, तिच्यापुरते माझे म्हणणे उरते.

परिचारिका ताईंच्या आक्षेपाने मी माझे मत बदलतो. मापक सक्तीचे करा हे अपुरे होते. तीव्रता भट्टीवर मोजावी, पण मिथेनॉलसाठी नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची सोय, असलेल्या प्रयोगशाळेतच जावा आणि तो अहवाल येईपर्यंत बाटलीवर आकडा येऊ नये. मद्यपेयांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 2018 ची मानके आहेतच, त्यामुळे नवे काही शोधायचे नाही.

मोजण्यातल्या चुका मात्र मी हलक्या मानत नाही. आमच्या कारखान्यातील एकाने ब्रिक्सचा स्पिंडल, म्हणजे रसातली साखर मोजायचे मापक, भट्टीसाठी नेला होता. तो उसाच्या रसासाठी, म्हणजे पाण्याहून जड द्रवासाठी बनवलेला. दारूत तो सरळ तळाला गेला आणि भट्टीवाला समजला की दारू फारच कडक उतरली आहे. काही मापकांवर वजनाची टक्केवारी असते आणि काहींवर आकारमानाची. आकारमानाने चाळीस टक्के ती वजनाने साधारण तेहतीसच भरते, आणि विकणारा दोहोंपैकी सोयीचा आकडा सांगतो. पाणी घालून ताकद उतरवण्याचा हिशेबही तोंडी चुकतो, कारण पन्नास मिलिलिटर मद्यार्क आणि पन्नास मिलिलिटर पाणी मिळून शंभर होत नाहीत, सत्त्याण्णवच्या आसपास भरतात. परवानाधारक कारखान्याच्या बाटलीवर 42.8 टक्के, म्हणजे तीव्रतेच्या जुन्या ब्रिटिश पट्टीवर 75 अंश प्रूफ, असे छापलेले आपण पाहतो. तेवढी काटेकोरी फेणीवाल्याकडे मागणे हा त्याचा अपमान आहे असे मला वाटत नाही.

काका, काचेला वास कळत नाही हे आपले वाक्य मी मामांना वाचून दाखवले. ते आपल्या बाजूचे आहेत.

वीस हंगाम भट्टीवर

मॅडमनी रिठ्याचे सांगितले ते मी स्वतः करून पाहिले. हंगामातली थोडी हुर्राक, म्हणजे एकदाच गाळलेली सौम्य काजूची दारू, उरली होती. मोती खरोखर टिकले. दुसऱ्याच्या बाटलीवर यापुढे मी ताकद सांगणार नाही, एवढे कबूल. पण भाणापाशी बसल्यावर धार कधी थांबवायची हे मी नाकानेच ठरवीन, कारण मापक दारू थंड होईपर्यंत थांबते आणि तोपर्यंत शेवटची आंबट धार चांगल्या दारूत मिसळलेली असते. यावर आपल्याकडे उपाय असेल तर पुढच्या मार्चपूर्वी लिहावा.